प्रसूतिकक्षातील सोबत : ‘डूला’ची संकल्पना आणि बाळंतिणीचा आधार

प्रसूतीच्या वेळी डॉक्टर आणि परिचारिका यांच्याव्यतिरिक्त मातेजवळ सतत बसून राहणारी, तिला धीर देणारी आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तिला हात देणारी प्रशिक्षित स्त्री म्हणजे ‘डूला’. पाश्चात्त्य देशांत गेल्या चार दशकांत हा व्यवसाय रूढ झाला. भारतातील मोठ्या शहरांतही आता डूलाची सेवा घेतली जाते. हा शब्द आपल्याकडे नवा असला, तरी त्यामागील गरज नवी नाही. बाळंतपण घरात होत असे तेव्हा ही जागा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया आणि सुईण भरून काढत. बाळंतपण रुग्णालयात गेले, त्यामुळे असंख्य मातांचे प्राण वाचले. परंतु उशाशी बसणाऱ्या त्या स्त्रीची जागा मात्र रिकामी राहिली. ही जागा पुन्हा कोणी आणि कशी भरावी, हा आज केवळ सोयीचा प्रश्न उरलेला नाही. माता व बालकाच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध असल्याचे संशोधनातून दिसून आले आहे.

शब्दाचा उगम

‘डूला’ हा मूळ ग्रीक शब्द असून प्राचीन ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दासी किंवा सेविका असा होता. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ डेना राफाएल यांनी १९७३ मध्ये स्तनपानावरील आपल्या पुस्तकात हा शब्द वापरला आणि तेथून तो आधुनिक अर्थाने प्रचारात आला. राफाएल यांच्या लेखी डूला म्हणजे प्रसूतीनंतर नव्या आईची काळजी घेणारी अनुभवी स्त्री. आईला आधार मिळाला तर तिचे अंगावर पाजणे यशस्वी होते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. म्हणजे या शब्दाचा आरंभ प्रसूतिकक्षातून नव्हे, तर बाळंतिणीच्या खोलीतून झाला. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळची सोबत हा अर्थ त्याला नंतरच्या संशोधनामुळे चिकटला. १९९२ मध्ये अमेरिकेत डूलांची संघटना स्थापन झाली आणि प्रशिक्षण, प्रमाणपत्र व आचारसंहिता यांना निश्चित रूप आले.

भारतीय परंपरेतील सोबत

भारतात बाळंतपणाशी निगडित स्त्रियांना प्रदेशागणिक वेगळी नावे आहेत. महाराष्ट्रात सुईण, उत्तर भारतात दाई, कर्नाटकात सूलगित्ती. कर्नाटकातील पावगड परिसरात दुर्गम भागातील हजारो प्रसूती विनामोबदला करणाऱ्या सूलगित्ती नरसम्मा यांना २०१८ मध्ये पद्मश्री देऊन गौरवण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

सुईणीचे काम दुहेरी होते. बाळ हाती घेणे, नाळ कापणे आणि वार पडेपर्यंत थांबणे हा त्यातील एक भाग. दुसरा भाग म्हणजे कळा येत असताना कंबर चोळणे, पाठीला टेकू देणे, कोमट पाणी पाजणे, ‘आता थोडेच राहिले’ असे सांगत राहणे आणि पुढे कित्येक दिवस बाळ-बाळंतिणीचे अंग रगडून न्हाऊमाखू घालणे. पहिल्या बाळंतपणासाठी मुलीने माहेरी जाण्याची प्रथा, शेक-शेगडी, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती या सर्वांमागे बाळंतिणीला एकटे सोडायचे नाही, हे सूत्र होते.

या परंपरेची काळी बाजूही तितकीच खरी आहे. अंधारी खोली, निर्जंतुक न केलेले हत्यार, नाळेला लावलेली राख किंवा शेण, आणि रक्तस्राव सुरू झाला तर कोणताही उपाय नसणे, यांमुळे माता व अर्भके मोठ्या संख्येने दगावत. भारतातील पहिल्या स्त्री-डॉक्टरांपैकी एक असलेल्या आनंदीबाई जोशी यांचे पहिले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. वैद्यकीय शिक्षणाकडे त्यांचे मन वळण्यामागे हे दुःख होते. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी निवडलेला विषय प्राचीन आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. पुढे १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दाईंच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी उभारण्यात आला. सुईणीला स्वच्छतेचे शास्त्रीय ज्ञान द्यावे, हा विचार त्यानंतर शतकभर धोरणात टिकून राहिला.

घराकडून रुग्णालयाकडे

१२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने या धोरणाची दिशा बदलली. जननी सुरक्षा योजनेखाली रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या गरीब मातांना रोख साहाय्य मिळू लागले. २०११ मध्ये आलेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयांतील प्रसूती, औषधे, आहार व वाहतूक मोफत केली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३९ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होत होत्या. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण सुमारे ७९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ८८.६ टक्के झाले. देशाचे माता मृत्यू प्रमाण २०१८-२० या कालावधीत दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ पर्यंत खाली आले. महाराष्ट्रात ते ३३ होते.

हे यश मोठे आहे. परंतु त्याच पाहण्यांत दुसरे चित्रही दिसते. शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मधील ८.५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. खासगी रुग्णालयांत ते ४७.४ टक्के होते, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. जन्मानंतर पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण मात्र ४१.८ टक्केच होते. जवळजवळ नऊ दशांश बालके आरोग्यसंस्थेत जन्मत असताना त्यांतील निम्म्यांनाही पहिल्या तासात आईचे दूध मिळत नव्हते. त्या तासात बाळाला छातीशी लावून देणारे, पाजायचे कसे ते दाखवणारे मोकळे हात मातेजवळ नसणे, हे यामागील एक कारण आहे.

संशोधन काय सांगते?

सोबतीचा परिणाम मोजण्याचा महत्त्वाचा प्रयत्न मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला येथे झाला. बालरोगतज्ज्ञ मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे आई व नवजात बालक यांच्यातील जवळिकीचा अभ्यास करत होते. तेथील रुग्णालयात प्रसूतीसाठी आलेल्या स्त्रियांजवळ नातेवाइकांना थांबू दिले जात नसे. संशोधकांनी काही पहिलटकरणींजवळ एक सामान्य, अनोळखी स्त्री बसवली. तिचे काम एवढेच, की हात धरायचा, पाठ चोळायची आणि बोलत राहायचे. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सोबत मिळालेल्या स्त्रियांची प्रसूती दाखल झाल्यापासून सरासरी सुमारे नऊ तासांत झाली, तर एकट्या राहिलेल्या स्त्रियांना सुमारे एकोणीस तास लागले. ज्या स्त्रियांवर हा निष्कर्ष बेतला होता त्यांची संख्या केवळ ४० होती, त्यामुळे तो अंतिम मानता येत नव्हता. पण पुढील संशोधनाची दिशा त्याने ठरवली.

१९९१ मध्ये याच संशोधकांनी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील एका सार्वजनिक रुग्णालयात केलेला अधिक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तीन गट होते. पहिल्या गटातील मातांजवळ डूला होती. दुसऱ्या गटातील मातांच्या खोलीत एक निरीक्षक नुसती बसून नोंदी घेत होती. ती बोलत नव्हती की स्पर्श करत नव्हती. तिसऱ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ८ टक्के, दुसऱ्यात १३ टक्के आणि तिसऱ्यात १८ टक्के निघाले. खोलीत कोणीतरी आहे, एवढ्यानेही फरक पडतो. आणि ती व्यक्ती आधार देत असेल तर तो आणखी वाढतो, असा या आकड्यांचा अर्थ लावण्यात आला.

जगभरातील अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने वेळोवेळी घेतला आहे. २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती होती. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये शस्त्रक्रियेने प्रसूती होण्याची शक्यता सुमारे एक चतुर्थांशाने कमी, नैसर्गिक प्रसूतीची शक्यता काहीशी अधिक, कळांचा काळ सरासरी ४० मिनिटांनी कमी आणि वेदनाशामक औषधांची गरज कमी आढळली. जन्मानंतर पाच मिनिटांनी केल्या जाणाऱ्या तपासणीत बाळाची स्थिती नाजूक असण्याचे प्रमाणही कमी होते. प्रसूतीचा अनुभव वाईट होता, असे सांगणाऱ्या स्त्रियांची संख्याही घटली. सोबतीमुळे कोणतीही हानी झाल्याचे आढळले नाही.

या निष्कर्षांकडे सावधपणे पाहणेही आवश्यक आहे. सोबत कोणाला मिळाली हे लपवणे अशा चाचण्यांत शक्य नसते. रुग्णालयांच्या पद्धतीही देशोदेशी भिन्न असतात. त्यामुळे पुराव्याचा दर्जा फार उच्च नाही, असे आढाव्याच्या लेखकांनीच नमूद केले आहे. तथापि रुग्णालयाची कर्मचारी नसलेली आणि मातेची नातेवाईकही नसलेली, केवळ सोबतीसाठीच आलेली स्त्री असेल तेव्हा शस्त्रक्रियांमधील घट सर्वाधिक दिसते, असेही त्यांना आढळले.

शरीरात काय घडते?

सोबतीच्या या परिणामामागे शरीरक्रियेचे कारण आहे. गर्भाशयाला आकुंचन पावण्यास उद्युक्त करणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक मेंदूतून स्रवते. शांत, सुरक्षित आणि उबदार वातावरणात त्याचा स्राव सुरळीत होतो. भीती, अपमान किंवा एकटेपणा वाटू लागला की शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि त्यामुळे कळा मंदावू शकतात. कळा मंदावल्या की प्रसूती लांबते, लांबली की औषधाने कळा वाढवल्या जातात, वेदना वाढतात आणि भीतीत भर पडते. हे चक्र तोडणे हे सोबतीचे मुख्य कार्य होय.

पहिल्या बाळंतपणात गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यानंतरचा टप्पाही बारा तासांपर्यंत चालू शकतो आणि ते सर्वसाधारण मानले जाते. कामाच्या व्यापात असलेल्या परिचारिकेला एकाच स्त्रीजवळ इतका वेळ थांबणे अशक्य असते. तिची पाळी बदलते. तिच्याकडे एकाच वेळी अनेक माता असतात. डूला मात्र आरंभापासून अखेरपर्यंत एकाच मातेची असते.

प्रसूतीच्या वेळी डूलाचे काम

डूलाची भेट सहसा गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत होते. प्रसूतीबद्दल मातेच्या मनात कोणती भीती आहे, तिला कोणत्या गोष्टी हव्या वा नको आहेत, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे आहेत, याची चर्चा त्या वेळी होते. कळा सुरू झाल्यावर ती घरी किंवा रुग्णालयात मातेजवळ येते.

तिचे साहाय्य साधारणपणे चार प्रकारचे असते. पहिले शारीरिक : माकडहाडाजवळ तळहाताने दाब देणे, कमरेला गरम कापड लावणे, चालण्यास, उकिडवे बसण्यास किंवा कुशीवर वळण्यास मदत करणे, डॉक्टरांची हरकत नसेल तर घोट घोट पाणी पाजणे. दुसरे मानसिक : श्वासाची लय धरून ठेवणे, नजर भिडवून बोलणे, प्रत्येक कळेनंतर विसावा घेण्याची आठवण करून देणे. तिसरे माहितीचे : आता काय चालले आहे, पुढे काय होणार आहे, हे मातेच्या भाषेत समजावून सांगणे. चौथे मध्यस्थीचे : मातेचा प्रश्न किंवा नकार वैद्यकीय चमूपर्यंत सौजन्याने पोहोचवणे. ज्या शहरांत परप्रांतातून आलेल्या स्त्रिया प्रसूत होतात आणि रुग्णालयाची भाषा त्यांना येत नाही, तेथे ही मध्यस्थी विशेष मोलाची ठरते.

डूलाने काय करू नये, हेही तितकेच स्पष्ट आहे. ती अंतर्गत तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही आणि प्रसूती स्वतः करत नाही. शस्त्रक्रियेची गरज आहे की नाही, हा निर्णय तिचा नसतो. शस्त्रक्रिया करावी लागली तरी तिचे काम संपत नाही. उलट तेव्हा मातेला धीराची गरज अधिक असते.

पहिले सहा आठवडे

प्रसूतीनंतर डूलाचे काम घराकडे वळते. पहिल्या तासात बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवणे आणि चीक पाजणे महत्त्वाचे असते. घट्ट, पिवळसर चिकात रोगप्रतिकारक घटक मोठ्या प्रमाणात असतात. तो पिळून टाकून बाळाला मध, साखरेचे पाणी किंवा गुटी चाटवण्याची प्रथा काही घरांत अजूनही आहे. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज बाळाला काहीही देऊ नये, अगदी पाणीसुद्धा, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. घरातील ज्येष्ठांचा मान राखून ही गोष्ट समजावून सांगणे, हे डूलाच्या कसोटीचे काम असते.

स्तनाग्रांना भेगा पडणे, दूध साठून छाती दगडासारखी होणे, बाळाने नीट तोंड न लावणे, या अडचणी पहिल्या आठवड्यात येतात आणि ‘दूध पुरत नाही’ असा समज करून वरचे दूध सुरू केले जाते. बाळाला धरण्याची पद्धत बदलल्याने यांतील अनेक अडचणी सुटतात. शेजारी बसून हे दाखवणारी अनुभवी व्यक्ती तेवढी हवी असते.

बाळंतिणीच्या मनाची अवस्था हा पूर्वी दुर्लक्षित राहिलेला भाग आहे. पहिल्या काही दिवसांत रडू येणे, चिडचिड होणे हे बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला येते आणि दोन आठवड्यांत ते ओसरते. उदासी त्यापुढेही टिकली, बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले किंवा जीव देण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार समजून उपचार घेणे आवश्यक असते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी मोफत सल्ला देते.

धोक्याची चिन्हे ओळखून तत्काळ रुग्णालय गाठणे, हीही सोबतिणीची जबाबदारी आहे. मातेला अतिरक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखीसह अंधूक दिसणे, ताप किंवा दुर्गंधीयुक्त स्राव; आणि बाळाने दूध ओढणे बंद करणे, अंग थंड किंवा फार गरम लागणे, मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक वेगाने श्वास घेणे, छाती आत ओढली जाणे, झटके येणे, तळहात-तळपाय पिवळे दिसणे किंवा नाळेतून पू येणे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

गडचिरोलीचा धडा

घरी जाऊन आधार दिल्याने नवजात बालकांचे प्राण वाचतात, याचा भारतातील सर्वांत ठळक पुरावा महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यातून मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात तेथील ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण दिले. ‘आरोग्यदूत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या स्त्रिया प्रसूतीच्या वेळी हजर राहत, बाळाचे वजन करत, त्याला उबदार ठेवत, स्तनपानास मदत करत आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविके देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने येथील नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले.

आरोग्यदूत म्हणजे डूला नव्हे. उपचार करणे हा तिच्या कामाचा भाग होता, तर डूला उपचार करत नाही. परंतु बाळंतिणीच्या घरी वारंवार जाणारी, तिच्याच भाषेत बोलणारी स्त्री किती मोठा बदल घडवू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. २०११ मध्ये केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालक सेवेचा कार्यक्रम देशभर लागू केला. त्यानुसार रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट द्यावयाची असते. घरी प्रसूती झाल्यास पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते.

सरकारी धोरण आणि प्रत्यक्ष स्थिती

जननी सुरक्षा योजनेतच आशा कार्यकर्तीने गर्भवतीला रुग्णालयात न्यावे आणि घरी सोडेपर्यंत तिच्याजवळ थांबावे, अशी अपेक्षा होती. अनेक ठिकाणी ही सोबत प्रसूतिकक्षाच्या दारापाशीच थांबते. तमिळनाडूने २००४ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी नातेवाईक स्त्रीला सोबत थांबू देण्याचा कार्यक्रम सुरू केला. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशभरातील सरकारी रुग्णालयांत ‘प्रसूती सोबती’ला परवानगी दिली. स्वतः बाळंतपणाचा अनुभव असलेल्या नातेवाईक स्त्रीला प्राधान्य देण्यात आले. जेथे इतर स्त्रियांचा एकांत राखला जाऊ शकतो, तेथे पतीलाही थांबण्याची मुभा मिळाली. सोबत्याला संसर्गजन्य आजार नसावा, त्याचे कपडे स्वच्छ असावेत, त्याने पूर्ण वेळ थांबावे, कर्मचाऱ्यांच्या कामात ढवळाढवळ करू नये आणि कक्षातील अन्य स्त्रियांकडे लक्ष देऊ नये, अशा अटी होत्या.

डिसेंबर २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांचा दर्जा सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ हा उपक्रम सुरू झाला. सोबतीला परवानगी आणि मातेचा सन्मान हे त्यातील निकष आहेत. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतिसेवेविषयी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. मातेच्या पसंतीची सोबती व्यक्ती प्रत्येक स्त्रीला मिळावी, ही त्यांपैकी एक आहे. २०२० मध्ये कोविडच्या साथीत जगभरातील अनेक रुग्णालयांनी सोबतीस मनाई केली. संसर्गाची शंका असली तरी मातेला सोबत मिळावी, अशीच भूमिका जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा घेतली होती.

आदेश आणि अंमलबजावणी यांतील अंतराची कारणे प्रामुख्याने जागेची आहेत. एका दालनात ओळीने मांडलेले प्रसूती-टेबल, मध्ये पडदा नाही, बसायला स्टूल नाही, अशा स्थितीत प्रत्येकीजवळ आणखी एक व्यक्ती उभी करणे कर्मचाऱ्यांना अडचणीचे वाटते. गर्दी वाढेल, संसर्ग पसरेल, नातेवाईक वाद घालतील, अशी भीतीही असते. पडदे लावणे, सोबतिणीला आधीच काम समजावून देणे आणि तिला ओळखपत्र व स्वच्छ झगा देणे, या उपायांना फार मोठा खर्च येत नाही.

डूला, दाई, मिडवाइफ आणि आशा

या संज्ञांमध्ये पुष्कळदा गोंधळ होतो. पारंपरिक दाई अनुभवातून शिकलेली असते आणि प्रसूती स्वतः करते. मिडवाइफ ही परिचर्या व प्रसूतिशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेली, नोंदणीकृत व्यावसायिक असते. गुंतागुंत नसलेली प्रसूती ती स्वतंत्रपणे करू शकते. केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार परिचारिकांना १८ महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन अशा मिडवाइफ तयार करण्यात येतात. आशा ही गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्ती आहे. डूला या तिघींहून वेगळी. तिचे काम केवळ सोबतीचे आहे आणि म्हणून ती डॉक्टर वा मिडवाइफ यांची जागा घेऊ शकत नाही. ‘डूला आहे, तेव्हा रुग्णालयाची गरज नाही’ हा समज जिवावर बेतू शकतो. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव काही मिनिटांत गंभीर रूप धारण करतो आणि त्यावर सोबत हा उपाय नाही.

अनुत्तरित प्रश्न

भारतात डूलाच्या व्यवसायासाठी वैधानिक नोंदणी नाही. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या आणि मिडवाइफरी आयोग कायद्याच्या कक्षेत परिचारिका व मिडवाइफ येतात, डूला येत नाहीत. त्यांचे प्रशिक्षण खासगी संस्थांकडून होते आणि त्याचा कालावधी व दर्जा समान नसतो. सेवेचे शुल्क कुटुंबालाच द्यावे लागते. परिणामी ही सेवा प्रामुख्याने मोठ्या शहरांतील सुस्थितीतील कुटुंबांपुरती मर्यादित राहिली आहे. एकत्र कुटुंब, माहेर व शेजार यांपासून दुरावलेल्या स्थलांतरित मजूर स्त्रीला तिची गरज अधिक असूनही ती तिच्या आवाक्याबाहेर आहे. अमेरिकेत ऑरेगॉन आणि मिनेसोटा या राज्यांनी गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून डूलाचे शुल्क देण्यास आरंभ केला आणि नंतर इतर काही राज्यांनी तो मार्ग स्वीकारला.

डूलाची सेवा घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी तिचे प्रशिक्षण व अनुभव यांची चौकशी करणे, रुग्णालय तिला प्रसूतिकक्षात येऊ देते का हे आधीच लेखी विचारणे आणि वैद्यकीय सल्ला देणे हे तिचे काम नाही याची खात्री करून घेणे इष्ट ठरते. ज्यांना ही सेवा परवडत नाही त्यांच्यासाठीही मार्ग आहे. सरकारी रुग्णालयात नाव नोंदवतानाच आई, सासू, बहीण किंवा मैत्रीण यांपैकी कोण सोबत राहणार, हे ठरवून सांगावे. तिने गर्भवतीबरोबर एकदा तपासणीला यावे आणि प्रसूतिकक्ष पाहून घ्यावा. शांत राहणारी, धीराचे बोलणारी आणि पूर्ण वेळ थांबू शकणारी स्त्री या कामासाठी योग्य समजावी; नात्याचा मान त्यानंतर पाहावा.

रुग्णालयातील प्रसूतीचा पहिला टप्पा देशाने बहुतांशी पार केला आहे. तेथे पोहोचलेल्या प्रत्येक स्त्रीजवळ तिच्या विश्वासाची एक व्यक्ती असावी, हा पुढचा टप्पा आहे. त्यासाठी लागणारा सरकारी आदेश २०१६ पासून उपलब्ध आहे. रुग्णालयांनी कक्षात एक पडदा आणि एक स्टूल वाढवणे, तसेच गर्भवतीच्या कुटुंबाने सोबतीचा हक्क मागणे, एवढे मात्र अनेक ठिकाणी अजून व्हावयाचे आहे.